चुकलेला ठोका

चार बैली नांगर धरून चालणाऱ्या माणसाला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. नांगर अडखळू लागला, की ओढ कमी झाल्याचे त्याला मुठीतूनच कळते. मग तो मान वर करून पाहतो: चारांपैकी अंग चोरतो आहे तो कोण? आणि तो सापडला, की जवळ जाऊन त्याच्या अंगावरून हात फिरवतो. खांदा सुजला आहे, खुरात काटा मोडला आहे, की स्वारी नुसतीच आळशी आहे? म्हणजे प्रश्न तीन. ओढ कमी झाली का? कोणाची झाली? आणि कशामुळे झाली?

मोटारीच्या इंजिनाचेही असेच असते. चार सिलिंडरांचे इंजिन म्हणजे एका जुवाला जुंपलेले चार बैल समजा. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण आत घ्यायचे, दट्ट्याने दाबायचे, नेमक्या क्षणी त्यात ठिणगी टाकायची, आणि जो भडका होईल त्याच्या जोराने चाक फिरवायचे, हा प्रत्येकाचा धंदा. त्यातल्या एकाचा भडका होईनासा झाला, की गाडी हिसके देऊ लागते, चढावर दम टाकते, सायलेन्सरमधून फट्फट् आवाज येतो. आपले मिस्त्री म्हणतात, ‘गाडी मिसिंग करते.’ हा चुकलेला ठोका कसा शोधायचा, ही विद्या माणसाने कशी कमावली, त्याची हकीकत आज सांगायची आहे.

हा विषय माझ्या मनात शिरला तो कुंभार्ली घाटात. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मावशीला चिपळूणहून कऱ्हाडला दवाखान्यात न्यायचे होते. गाडी जुनी, अँबॅसिडर. पंधरा दिवसांपूर्वीच तिची मिसिंगची तक्रार घेऊन एका कारखान्यात गेलो होतो. तिथे त्यांनी एका दमात चारही प्लग बदलले, वायरी बदलल्या, कॉइल बदलली, आणि बिल हातात ठेवले. चार कोरडे दिवस गाडी झकास चालली. आणि आता घाटात, आषाढाच्या पावसात, रात्री आठ वाजता ती पुन्हा खोकू लागली. इतके सारे बदलूनही दोष जिथल्या तिथे! त्या रात्रीचे पुढे काय झाले ते सांगतो. पण आधी जरा मागे जाऊ.

ठिणगी ही इंजिनाची जुनी डोकेदुखी आहे. पॅरिसमध्ये 1860 साली एत्येन लन्वार याने गॅसवर चालणारे इंजिन केले, त्यात त्याने विजेची ठिणगी वापरली होती. पण त्या काळी बॅटरी आणि वायरी यांचा भरवसा कोण धरणार? म्हणून पुढच्या कित्येकांनी विजेचा नादच सोडला. निकोलाउस ओटो याने 1876 साली चार टप्प्यांचे इंजिन सिद्ध केले. आपल्या आजच्या पेट्रोल इंजिनांचा तो मूळपुरुष. त्यात भडका उडवायला उघडी ज्योत होती. गॉटलीब डाइम्लरने एक बारीक नळी बाहेरून दिव्याने तापवून लालबुंद ठेवण्याची युक्ती काढली. तिच्यात अडचण ही, की भडका नेमका केव्हा व्हावा हे माणसाच्या हाती राहत नसे, आणि वाऱ्याने दिवा विझला की गाडी थांबली!

कार्ल बेंझ मात्र विजेला चिकटून राहिला. 29 जानेवारी 1886 रोजी त्याने आपल्या तीनचाकी मोटारीसाठी पेटंटचा अर्ज केला. तिच्यात बॅटरी होती, कॉइल होती आणि ठिणगी पाडणारा प्लगही होता. गाडी तर झाली; पण ती दूरच्या वाटेवर टिकेल का?

ते दाखवून दिले त्याच्या बायकोने. बेर्था बेंझ 1888 च्या ऑगस्ट महिन्यात दोन मुलग्यांना बरोबर घेऊन, नवऱ्याला न सांगता, मानहाइमहून फोर्ट्सहाइमला आपल्या माहेरी निघाली. वाट शंभर किलोमीटरांहून अधिक. वाटेत गाडी अडली तेव्हा तिने काय केले, याच्या दोन गोष्टी आजवर सांगितल्या जातात. एकदा इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या लांब टाचणीने मोकळी केली. दुसऱ्यांदा ठिणगीच्या वायरीवरचे वेष्टण झिजून वीज भलतीकडेच निघून जाऊ लागली. तिथे तिने मोजे बांधायचा आपला पट्टा गुंडाळला. इंधन संपले तेव्हा वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून विकत घेतले.

या दोन दुरुस्त्या नीट ध्यानात ठेवा, बरं का. एक दोष इंधनाच्या वाटेतला, दुसरा ठिणगीच्या वाटेतला. यांत तिसरा, म्हणजे सिलिंडरातला दाब, मिळवला, की मिसिंगची सारी कारणे या तीन घरांत येऊन बसतात. इंधन-हवा, ठिणगी आणि दाब. यांपलीकडे चौथे घर नाही. आजचा नवशिका मिस्त्री याच तीन घरांत शोध घेतो आणि सव्वाशे वर्षांपूर्वीचाही तिथेच घेत होता.

पुढे जर्मनीतच रोबेर्ट बॉश याच्या कारखान्याने मॅग्नेटो नावाचे यंत्र मोटारीवर बसवले. ते फिरता फिरता स्वतःच वीज तयार करी, बॅटरीची गरज नसे. त्याच्याकडे काम करणाऱ्या गॉटलोब होनोल्डने 1902 साली जास्त दाबाची वीज देणारा मॅग्नेटो केला, आणि त्याच्याबरोबर स्पार्क प्लग. ठिणगी आता जोमदार पडू लागली.

पण चार सिलिंडरांपैकी कोणता अंग चोरतो आहे, हे ओळखण्याची रीत साध्या माणसापर्यंत नेली ती अमेरिकेतल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीने. ही गाडी 1908 पासून 1927 पर्यंत निघाली, आणि दीड कोटीच्या वर खपली. ती घेणारे पुष्कळसे शेतकरी होते. मिस्त्री शहरात आणि गाडी शेतावर, तेव्हा मालकानेच मिस्त्री होणे भाग! या गाडीत प्रत्येक सिलिंडरला एक याप्रमाणे चार कॉइली होत्या, लाकडी पेटीत ओळीने बसवलेल्या. प्रत्येकीच्या डोक्यावर पोलादाची एक लवचीक पट्टी असे. वीज वाहू लागली की ती पट्टी भुंग्यासारखी गुणगुणे.

आता गाडी मिसिंग करू लागली, तर काय करायचे? कंपनीने मालकाला दिलेल्या पुस्तकातच सांगितले होते. पेटीचे झाकण काढा. पहिल्या आणि चौथ्या कॉइलीच्या पट्ट्या बोटांनी दाबून धरा. ते दोन सिलिंडर बंद पडतील, इंजिन दुसऱ्या-तिसऱ्यावर चालेल. ते दोघे जर एका लयीत चालले, तर चोर पहिल्यात किंवा चौथ्यात आहे. मग चौथ्याला सोडा, बाकीचे तीन दाबून ठेवा. चौथा एकटा ठीक चालला, म्हणजे चोर पहिला! दोन मिनिटांचे काम. ना हत्यार, ना खर्च. दोन बोटे, दोन कान आणि थोडे डोके.

शिक्षक बंधूंनो आणि भगिनींनो, यात किती मोठे शास्त्र आहे पाहा. संशयितांचे दोन गट करायचे, एका गटाला बाजूला बसवायचे आणि काय फरक पडतो ते पाहायचे. वैद्य पथ्य सांगतो तेव्हा हेच करतो. प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञही हेच करतो. आणि हे अमेरिकेतल्या खेड्यातला शेतकरी धुळीच्या रस्त्यावर उभा राहून करत होता.

त्याच सुमारास ओहायो राज्यातल्या डेटन गावी चार्ल्स केटरिंग नावाचा इंजिनिअर आपल्या सोबत्याच्या मालकीच्या एका धान्याच्या कोठारात खटपट करीत होता. त्याच्या मंडळींनी बॅटरीवर चालणारी ठिणगीची नवी रचना केली, आणि ती 1910 सालच्या कॅडिलॅक गाड्यांवर बसली. पुढे 1912 साली हँडल न मारता गाडी सुरू करणारा विजेचा स्टार्टरही त्याच मंडळींनी दिला. केटरिंगच्या धर्तीची ठिणगी-रचना पुढे पन्नास-साठ वर्षे जगभर चालली. मुंबईच्या कुर्ल्यात बनलेल्या फियाट, बंगालच्या उत्तरपाड्यात 1957 पासून 2014 पर्यंत निघालेली अँबॅसिडर, या गाड्यांचे जुने नमुने सारे याच घराण्यातले.

तिची करामत अशी. बॅटरीची वीज कॉइलीतून वाहते आणि ‘पॉइंट’ नावाच्या दोन बारीक टिकल्यांतून परत जाते. इंजिन फिरते तसा एक उंचवटा या टिकल्यांना दूर ढकलतो. वाहती वीज अचानक तुटली, की कॉइलीत हजारो व्होल्टचा दाब उसळतो. टिकल्यांवरच ठिणगी पडून त्या जळू नयेत म्हणून शेजारी कंडेन्सर असतो. उसळलेली वीज डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत येते. तिथे फिरता रोटर, पंगतीत वाढप्याने पाने धरावीत तसा, एकेका सिलिंडराला ती वाढत जातो. क्रम बहुधा असतो एक, तीन, चार, दोन. घाई किती? इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर या टिकल्या सेकंदाला शंभर वेळा उघडतात आणि शंभर वेळा मिटतात. त्यांच्यातली फट साधारण चार दशांश मिलिमीटर, म्हणजे पोस्टकार्डाच्या जाडीच्या आसपास. ती जरा कमी-जास्त झाली, की सगळी पंगतच बिघडली!

या केटरिंगच्या आयुष्यात एक प्रसंग आला, तो निदानाच्या विद्येत फार मोलाचा आहे. गाड्या चढावर ठक्ठक् वाजू लागल्या. लक्षात घ्या, हा चुकलेला ठोका नव्हे. भडका नको तसा, एकदम उडतो, त्याचा हा धातूवर हातोडी मारल्यासारखा आवाज. लोकांनी खापर फोडले केटरिंगच्या नव्या ठिणगीवर. नवा सून घरात आली आणि दूध नासले, असला न्याय! केटरिंग वादात पडला नाही, तपासाला लागला. दोष ठिणगीचा नसून इंधनाचा आहे, असे दिसून आले. इथवर निदान अगदी बरोबर होते. पण उपाय? त्याच्या हाताखालच्या टॉमस मिजली याला 1921 साली आढळले, की पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग चिमूटभर घातले तर ठकठक थांबते. जगाने ते आनंदाने स्वीकारले. शिसे प्लगवर बसून ठिणगी मारू लागले, हा त्यातला लहान तोटा. धुरातून ते हवेत गेले आणि लहान मुलांच्या रक्तात व मेंदूत उतरले, हा मोठा. भारतात शिशाचे पेट्रोल 2000 साली बंद झाले. जगातला शेवटचा देश, अल्जीरिया, 2021 साली थांबला. रोग बरोबर ओळखला तरी औषध चुकू शकते, आणि त्या चुकीचे बिल भलत्यालाच भरावे लागते, हे या गोष्टीतून शिकायचे.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून निवृत्त झाली. तिच्या बरोबर कानाने इंजिन ओळखणाऱ्या मिस्त्र्यांची एक पिढीही मागे सरली. या मिस्त्र्यांची रीत कुठल्या ग्रंथात लिहिलेली नव्हती. पण ती पायरीपायरीची होती. तुमच्या गावात अजून एखादी जुनी जीप किंवा अँबॅसिडर असेल, तर तुम्हालाही ती उपयोगी पडेल.

पहिली पायरी म्हणजे ऐकणे. ठोका ठरावीक वेळाने चुकतो आहे, की कसाही, कधीही? ठरावीक चुकत असेल तर एक सिलिंडर दोषी. कसाही चुकत असेल तर जे सर्वांना सामाईक आहे ते तपासा: पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, नाहीतर पेट्रोलची वाट. एका घरात नळाला पाणी नसेल तर त्या घरचा नळ पाहावा. साऱ्या आळीत नसेल तर टाकी पाहावी. नुसते एवढे ध्यानी घेतले तरी निम्मा खर्च वाचतो.

दुसरी पायरी, दोषी ओळखणे. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढावी, तिचे टोक इंजिनाच्या लोखंडाला नीट जोडून ठेवावे, आणि मग गाडी सुरू करावी. इंजिन आणखी अडखळले, म्हणजे तो सिलिंडर कामाचा होता. पुन्हा बंद करून वायर जागेवर लावावी आणि पुढचा पाहावा. ज्याच्या जाण्याने घरात काहीच फरक पडत नाही, तोच अंगचोर! मात्र एक इशारा: हा प्रयोग फक्त पॉइंटच्या जुन्या गाडीवर करायचा. नव्या गाड्यांतील विजेचा दाब फार जास्त असतो. माणसाला धोका, आणि आतले महागडे भागही जळतात.

तिसरी पायरी, प्लगचे तोंड पाहणे. वैद्य जीभ पाहतो ना, तसे. फिकट तपकिरी किंवा राखी असेल तर प्रकृती ठीक. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे. काळे आणि तेलकट असेल तर खालून तेल वर चढते आहे, रिंगा झिजल्या असतील. पांढरेफटक असेल तर इंजिन तापते आहे किंवा हवा जास्त शिरते आहे.

चौथी पायरी सगळ्यांत शहाणपणाची. संशयित प्लग शेजारच्या सिलिंडरात घालायचा आणि शेजारचा इकडे. दोष प्लगबरोबर गेला, तर प्लग वाईट. दोष जागेवरच राहिला, तर प्लग निर्दोष. मग वायर पाहा, टोपी पाहा. ठिणगी सगळीकडे चोख असूनही सिलिंडर मेलेलाच असेल, तर दाब तपासा; झडप जळली असेल. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदमच बसले, तर त्यांच्या मधले गॅस्केट फुटल्याचा संशय धरावा. आणि या साऱ्या पायऱ्यांत नियम एकच: एका वेळी एकच बदल.

आता घाटातली ती रात्र. गाडी कशीबशी रेटत हेळवाकला आणली. चहाच्या टपरीवाल्याने जवळच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला उठवून आणले. त्यांनी बॉनेट उघडले, आणि मला म्हणाले, “बॅटरी विझवा.” मला वाटले, म्हातारबुवांची झोप उतरली नाही, अंधारात काय दिसणार? पण अंधारच हवा होता! इंजिन चालू होते, आणि डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर निळ्या रंगाची केसाएवढी बारीक रेघ सरपटत होती, लुकलुकत होती. टोपीला तडा गेला होता. कोरड्या हवेत तो निमूट राही; पावसाळी ओल धरली, की वीज सिलिंडराकडे जायची सोडून त्या तड्यातून पळ काढी. बेर्था बेंझच्या वायरीचा जो दोष, तोच. इंजिन बंद करून त्यांनी टोपी काढली, आतून-बाहेरून कोरडी पुसली, तड्यातली काळी रेघ चाकूने खरवडली. “कऱ्हाडपर्यंत जाल. उद्या टोपी नवी टाका,” म्हणाले. मी पैसे विचारले, तर म्हणाले, “आधी पेशंटला पोहोचवा.” साडेदहाला आम्ही कऱ्हाडात होतो. मावशी आज ठणठणीत आहे.

कारखान्याने जे बदलले होते ते सगळे चांगले होते, आणि जे बिघडले होते ते तसेच राहिले होते. त्यांनी दुरुस्ती केली; शोध केलाच नव्हता.

तुम्ही म्हणाल, आता या जुन्या कहाण्या कशाला? आता मोटारीत संगणक असतो. खरे आहे. अमेरिकेत 1996 पासूनच्या नव्या गाड्यांना चुकलेला ठोका स्वतः ओळखण्याची सक्ती झाली. आपल्याकडच्या नव्या गाड्यांतही ही सोय आली आहे. हा संगणक ठोका कसा ओळखतो ठाऊक आहे? इंजिनाचा मुख्य दांडा प्रत्येक ठोक्याला किती वेगाने फिरला हे तो मोजतो. भडका चुकला की दांडा किंचित मंदावतो. म्हणजे नांगराच्या मुठीतून जे शेतकऱ्याला कळते, तेच! मग तो एक आकडा दाखवतो. त्यातला शेवटचा अंक सिलिंडराचा. ‘पी 0301’ म्हणजे पहिला सिलिंडर, ‘पी 0304’ म्हणजे चौथा.

पण नीट पाहा. सुरुवातीला आपण तीन प्रश्न मांडले होते. संगणकाने पहिल्या दोहोंची उत्तरे दिली. ओढ कमी झाली, आणि या बैलाची झाली. का झाली, ते तो सांगत नाही. प्लग, कॉइल, इंधन, झडप, काहीही असू शकते. पहिल्या सिलिंडराचा आकडा आला म्हणून पहिल्याची कॉइल फेकून नवी बसवणारा, आणि त्या कारखान्यात माझे चारही प्लग बदलणारा, दोघे एकाच माळेचे मणी. जाणता कारागीर आजही पहिली कॉइल दुसऱ्या जागी बसवतो, आणि आकडा 0302 होतो की 0301 च राहतो ते पाहतो. युक्ती तीच, जुनी.

म्हणून, मित्रहो, तुमची गाडी, पाण्याचा पंप, पिठाची चक्की काहीही अडले आणि कुणी ‘हे बदला, ते बदला’ म्हणू लागला, तर शांतपणे एवढेच विचारा: “दोष याच्यातच आहे, हे कशावरून?” चांगला मिस्त्री या प्रश्नाने रागावत नाही, उलट खूश होतो. आणि शिक्षकांनो, शाळेत विज्ञानाच्या तासाला महागडी साधने नाहीत म्हणून खंत करू नका. विजेरीचे तीन जुने सेल, एक बल्ब आणि दोन वायरी मुलांपुढे ठेवा. त्यांतले एक काहीतरी मुद्दाम बिघडलेले असू द्या, आणि म्हणा, एका वेळी एकच बदला आणि चोर शोधा. ज्या मुलाला तो सापडेल, त्याला पुढे आयुष्यात सहसा कुणी फसवू शकणार नाही.